सिद्राम आणि सिद्धाराम एकच का?

सोलापुरातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात सकाळी केसपेपरच्या खिडकीपाशी अर्धा तास उभे राहिले, तर या शहराच्या सगळ्या भाषा कानांवर पडतात. अक्कलकोटकडून आलेले आजोबा कानडी वळणाने आपले नाव सांगतात, पूर्व भागातल्या विणकर घरातली बाई तेलुगू वळणाने, विजापूर वेशीतला तरुण उर्दू वळणाने. खिडकीमागचा कर्मचारी कानांवर पडेल ते नाव घाईघाईत संगणकावर टाइप करतो. मागे रांग वाढत असते.

समजा, त्या आजोबांचे नाव सिद्राम आहे. ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजेच सिद्धरामेश्वर, यांच्यावरून ठेवलेले हे नाव सोलापूर जिल्ह्यात घरोघरी सापडते. आजोबांच्या आधार कार्डावर ‘सिद्राम’ आहे, शिधापत्रिकेवर ‘सिद्धाराम’ आहे आणि पाच वर्षांपूर्वीच्या केसपेपरवर कोणीतरी ‘सिदराम’ लिहिले आहे. त्या जुन्या केसपेपरच्या नोंदीत एक महत्त्वाची गोष्ट आहे : पेनिसिलिनची ॲलर्जी. आज कर्मचारी शिधापत्रिका पाहून ‘सिद्धाराम’ शोधतो. संगणक सांगतो, अशी नोंद नाही. मग नवा केसपेपर निघतो, नवा नंबर पडतो आणि ॲलर्जीची नोंद जुन्या नावाखाली तशीच पडून राहते. आजोबांना ते औषधाचे नाव आठवले नाही, तर डॉक्टरांना ते कळण्याचा दुसरा मार्ग उरत नाही.

यात कोणाचा हलगर्जीपणा नाही. संगणकाला ‘हे दोन शब्द सारखे आहेत का?’ असे विचारणे हे जगातले सर्वांत सोपे काम वाटते. प्रत्यक्षात त्या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. हा एकच कागद आहे का? या दोन कागदांवरचा मजकूर एकच आहे का? आणि हा माणूस एकच आहे का? संगणक पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चोख देतो. रुग्णाला मात्र तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हवे असते.

एकच कागद की एकच मजकूर?

पहिल्या दोन प्रश्नांतला फरक प्रोग्रामिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच अडवतो. १९९५ मध्ये आलेली जावा ही भाषा आजही अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवली जाते. तिच्यात दोन मजकुरांची तुलना दोन प्रकारे करता येते. एक म्हणजे बरोबरची दोन चिन्हे एकापुढे एक लिहून, आणि दुसरी ‘इक्वल्स’ ही आज्ञा वापरून. नवखा विद्यार्थी पहिला मार्ग धरतो, कारण गणितात तो तसेच करत आलेला असतो.

पण जावात मजकुरांच्या मध्ये लिहिलेली ती दोन चिन्हे ‘मजकूर सारखा आहे का?’ असे विचारतच नाहीत. ती विचारतात, ‘संगणकाच्या स्मृतीतली ही जागा एकच आहे का?’ म्हणजे दोन केसपेपरांवर अक्षरशः तेच नाव असले, तरी कागद दोन असल्यामुळे उत्तर ‘नाही’ असे येते. मजकूर वाचून अक्षराला अक्षर ताडून पाहण्याचे काम ‘इक्वल्स’ करते.

यातली फसगत अशी की चूक चाचणीत दिसत नाही. प्रोग्राममध्येच लिहिलेले दोन सारखे शब्द जावा जागा वाचवण्यासाठी एकाच ठिकाणी ठेवते. त्यामुळे विद्यार्थी स्वतः दोनदा ‘सिद्राम’ लिहून तपासतो, तेव्हा चुकीचा मार्गही ‘हो’ म्हणतो. पुढे खरी नावे कीबोर्डवरून किंवा नोंदींच्या साठ्यातून येऊ लागली की तीच तुलना ‘नाही’ म्हणू लागते. सी या जुन्या भाषेतही असाच खड्डा आहे. तिथे तुलनेसाठी वेगळी आज्ञा आहे आणि दोन मजकूर सारखे असले की ती उत्तर म्हणून शून्य देते. शून्य म्हणजे ‘फरक काही नाही’. घाईत वाचणारा त्याचा अर्थ ‘नाही’ असा लावतो आणि निकाल उलटा होतो. पायथनसारख्या भाषेत मात्र तीच दोन बरोबरची चिन्हे थेट मजकूर ताडतात. म्हणून एका भाषेतली सवय दुसऱ्या भाषेत नेताना जपावे लागते.

हा खड्डा ओलांडणे अवघड नाही. ‘इक्वल्स’ वापरले की पहिला प्रश्न संपतो आणि दुसरा सुरू होतो. मराठीसाठी तो दुसरा प्रश्न बराच खोल आहे.

डोळ्यांना सारखे, संगणकाला वेगळे

संगणक अक्षर पाहत नाही. तो अक्षराचा क्रमांक पाहतो. जगातल्या बहुतेक लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी युनिकोड ही व्यवस्था १९९१ पासून आहे. तिच्यात ‘स’चा क्रमांक २३६० आणि ‘श’चा २३५८. ‘सोलापूर’ हा शब्द संगणकाला सात क्रमांकांची माळ म्हणून दिसतो : स, ओकाराची मात्रा, ल, काना, प, दीर्घ उकार, र. दोन शब्द सारखे आहेत का, याचा अर्थ दोन माळांतले सगळे मणी त्याच क्रमाने तेच आहेत का.

आता ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा ‘र’ हे मराठीचे खास वैशिष्ट्य. दऱ्या, पुऱ्या, कऱ्हाड अशा शब्दांतही तो येतो. हा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात २३५३ क्रमांकाचा खास ‘ऱ’ आणि त्यापुढे हलन्त. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, मग हलन्त आणि त्यानंतर ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह. तिसऱ्यात साधा ‘र’, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त. पडद्यावर आणि छापील कागदावर तिन्ही हुबेहूब सारखे दिसू शकतात. एका कीबोर्डवरून पहिला प्रकार उमटतो, दुसऱ्यावरून दुसरा. त्यामुळे एकाच रुग्णालयातल्या दोन टेबलांवर टाइप झालेले ‘कुऱ्हाडे’ एकमेकांना ओळखत नाहीत.

‘ॲ’ची कथाही तशीच. ॲलर्जी, ॲस्पिरिन, ॲसिडिटी हे दवाखान्यातले रोजचे शब्द. मराठीसाठीचा ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला. त्याचा क्रमांक २४१८. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्राची मात्रा देऊन तो लिहीत, काही जण ‘ऍ’ वापरत. तिन्ही सवयी आजही चालू आहेत. ‘ॲलर्जी’ हा शब्द शोधून जुन्या नोंदी काढायच्या म्हटल्या, तर इतर दोन पद्धतींनी लिहिलेल्या नोंदी सापडणार नाहीत. संगणक तिथे ‘सापडत नाही’ एवढेच सांगतो. वाचणारा त्याचा अर्थ ‘ॲलर्जी नाही’ असा घेतो. या दोन वाक्यांतले अंतर एखाद्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

अंकांचेही तेच आहे. देवनागरी पाचाचा क्रमांक २४११, तर इंग्रजी पाचाचा ५३. एका नोंदीत जन्मसाल देवनागरी अंकांत आणि दुसरीत इंग्रजी अंकांत असेल, तर साल तेच असूनही तुलना फसते. नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा कोणाला दिसत नाही, पण संगणक तीही मोजतो. त्यातच भर म्हणजे युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फाँटमधली कागदपत्रे. त्यांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असत. ती फाइल आज तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो.

उलटे उदाहरणही आहे. मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ डोळ्यांना वेगळे दिसतात, पण दोघांचा क्रमांक एकच, २३५४. तिथे डोळा फसतो आणि संगणक बरोबर असतो.

या गोंधळावर उपाय आहे. तुलना करण्यापूर्वी दोन्ही मजकूर एका ठरावीक साच्यात आणायचे. यालाच नॉर्मलायझेशन म्हणतात आणि आजच्या बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत त्याची तयार सोय असते. वर सांगितलेल्या अर्ध्या ‘र’चा पहिला आणि तिसरा प्रकार या सोयीने एक होतात. अदृश्य जोडचिन्हाचा दुसरा प्रकार मात्र तसाच राहतो आणि ‘ॲ’च्या तीन पद्धतीही आपोआप एक होत नाहीत. त्यासाठी मराठी जाणणाऱ्या माणसाने वेगळे नियम लिहून द्यावे लागतात. परदेशी बनावटीचे सॉफ्टवेअर हे काम अनेकदा करत नाही, कारण हा प्रश्न त्याच्या गावचा नाही.

फरक मोजायचा कसा?

इतके करूनही ‘सिद्राम’ आणि ‘सिद्धाराम’ वेगळेच राहतात, कारण ते खरोखर वेगळ्या अक्षरांनी लिहिलेले आहेत. इथे ‘सारखे की वेगळे’ असा प्रश्न सोडून ‘किती वेगळे?’ असे विचारावे लागते.

त्याचे एक सुंदर उत्तर सोव्हिएत गणिती व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ मध्ये दिले. संदेश पाठवताना अक्षरे गळतात किंवा जास्तीची घुसतात, त्या चुका कशा सुधारायच्या यावर ते काम करत होते. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे माप असे : एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी किती दुरुस्त्या लागतात? अक्षर घालणे, काढणे किंवा बदलणे यांपैकी प्रत्येक कृती म्हणजे एक दुरुस्ती. ‘सिद्राम’चा ‘सिदराम’ करायला फक्त हलन्त काढावा लागतो; अंतर १. ‘सिद्राम’चा ‘सिद्धाराम’ करायला ‘ध’ आणि काना घालावा लागतो, अंतर २. ‘सोलापूर’ आणि ‘शोलापूर’ यांच्यात अंतर १.

ही कल्पना वैद्यकशास्त्रानेही उचलली. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. दोन डीएनए ताडून पाहण्याच्या १९७० आणि १९८१ मधल्या मूलभूत पद्धती याच प्रकारच्या हिशेबावर उभ्या आहेत. सुमारे तीस हजार अक्षरांचा कोरोना विषाणू कुठे कुठे बदलला, हे कळले ते अशाच तुलनांमुळे. आणि अंतर लहान म्हणजे फरक लहान, हा समज खोटा ठरवणारे उदाहरणही तिथेच आहे. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतल्या आदिवासी समाजात आढळणारा सिकलसेल हा आजार रक्तातल्या प्रथिनाच्या जनुकात एकच अक्षर बदलल्याने होतो. अंतर फक्त १, पण त्याचे दुखणे आयुष्यभराचे.

नावांचेही तसेच आहे. ‘लक्ष्मी’ हे नाव रोमन लिपीत कोणी मधे फक्त ‘एक्स’ घालून लिहितो, तर कोणी ‘के-एस-एच’ घालून. नाव तेच, बाई तीच, पण अंतर ३. देवनागरीत ‘सोलापूर’ आणि ‘कोल्हापूर’ यांच्यातले अंतरही ३ आहे आणि ती दोन शहरे आहेत. ‘राकेश’ आणि ‘राजेश’ यांच्यातले अंतर तर १ आहे. म्हणजे नुसत्या आकड्यावरून निकाल लावता येत नाही.

कानाने केलेली तुलना

दुसरा मार्ग आहे नावाच्या उच्चाराचा. अमेरिकेतल्या रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये ‘साउंडेक्स’ या पद्धतीचे पेटंट घेतले, तेव्हा संगणक नव्हते. नावांची कार्डे लाकडी कप्प्यांत लावायची असत आणि एकाच आडनावाची वेगवेगळी स्पेलिंग असलेली कार्डे दूर दूर जाऊन पडत. साउंडेक्समध्ये रोमन नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवतात. स्वर, ‘एच’, ‘वाय’ आणि ‘डब्ल्यू’ वगळतात. उरलेल्या अक्षरांना उच्चारानुसार एक ते सहा अंक देतात. ‘डी’ आणि ‘टी’ यांना ३, ‘एल’ला ४, ‘एम’ आणि ‘एन’ यांना ५, ‘आर’ला ६, असे. लागोपाठ आलेला तोच अंक एकदाच धरतात आणि एकूण तीन अंकांवर थांबतात. अमेरिकेच्या जनगणनेच्या याद्या पुढे याच पद्धतीने लावल्या गेल्या.

गंमत म्हणजे ही शंभर वर्षांपूर्वीची पद्धत सोलापूरला बरीच मानवते. इंग्रजी अमदानीत, १९३०च्या मार्शल लॉच्या काळातल्या कागदपत्रांतही, शहराचे नाव रोमन लिपीत ‘एस’पुढे ‘एच’ घालून लिहीत. आज तो ‘एच’ गेला आहे. साउंडेक्समध्ये दोन्ही स्पेलिंगांचा संकेत एकच येतो : एस ४१६. सिद्राम आणि सिद्धाराम, दोघांचा संकेत एस ३६५. लक्ष्मीच्या दोन्ही स्पेलिंगांचा एल २५०. मराठी घरातला ‘व्यंकटेश’ आणि तेलुगू घरातला ‘वेंकटेश’, दोघांचा व्ही ५२३.

पण पद्धत इंग्रजी कानाची आहे आणि ते लवकरच जाणवते. अक्कलकोट भागातले ‘बसवराज’ हे नाव घ्या. त्यातला ‘व’ कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने. साउंडेक्स ‘व्ही’ मोजते आणि ‘डब्ल्यू’ वगळते. त्यामुळे एकाच बसवराजचे बी २१६ आणि बी २६२ असे दोन संकेत होतात. ‘झरिना’ कोणी ‘झेड’ने लिहिते, कोणी ‘जे’ने; पहिले अक्षर बदलले की सगळेच बदलते. ‘मोहम्मद’ पूर्ण लिहिले तर एम ५३० आणि नेहमीच्या चार अक्षरी आखूड रूपात लिहिले तर एम ३००. शिवाय तेलुगू-कानडी वळणात ‘त’साठी ‘टीएच’ लिहितात, तर मराठी वळणात नुसता ‘टी’. ‘गीता’ आणि ‘लता’ या नावांची स्पेलिंग त्यामुळे घरागणिक बदलतात. साउंडेक्स हा फरक झाकते, पण अक्षराला अक्षर ताडणारी तुलना झाकत नाही.

नावातल्या शब्दांचा क्रम हा आणखी एक पेच. मराठी पद्धतीत नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव. पूर्व भागातल्या अनेक तेलुगू घरांत घराण्याचे नाव आधी लिहिण्याची रीत. त्यात महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. जुन्या आणि नव्या नोंदी ताडताना शब्दांची संख्याही जुळणार नाही, हे सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी आत्ताच ध्यानात घेतलेले बरे.

घट्ट जाळे, सैल जाळे

मग तुलना सैल करून टाकावी, म्हणजे कोणीही सुटणार नाही, असे वाटू शकते. पण सैल जाळ्यात दुसराच धोका आहे.

‘सुनीता’ आणि ‘सुमती’ या दोघींचा साउंडेक्स संकेत एकच येतो : एस ५३०. जुळ्या भावांना राकेश आणि राजेश अशी नावे ठेवण्याची आपल्याकडे हौस असते. त्यांचे आडनाव एक, वडिलांचे नाव एक, पत्ता एक, जन्मतारीखही एक. फरक फक्त एका अक्षराचा. सैल तुलना करणारा संगणक दोघांना एकच समजून त्यांच्या नोंदी एकत्र करू शकतो. मग राकेशच्या तपासणीचा निकाल राजेशच्या नावावर जातो, एकाचे चालू औषध दुसऱ्याच्या यादीत दिसते.

तुलना घट्ट असेल तर एका माणसाच्या दोन नोंदी होतात. तुलना सैल असेल तर दोन माणसांची एक नोंद होते. पहिल्या चुकीत माहिती हरवते, तपासण्या पुन्हा कराव्या लागतात, खर्च वाढतो. दुसऱ्या चुकीत खोटी माहिती खरी वाटू लागते, आणि ती जास्त घातक असते, कारण तिच्याबद्दल कोणाला संशय येत नाही. म्हणून चांगल्या व्यवस्थेत संगणक सारख्या वाटणाऱ्या नोंदींची यादी समोर ठेवतो आणि ‘यांपैकी कोणी आहे का?’ असे विचारतो. नोंदी एकत्र करण्याचा निर्णय माणूस घेतो, तोही रुग्णाशी बोलून. रुग्णाची ओळख पटवताना किमान दोन खुणा जुळवाव्यात, नुसत्या नावावर किंवा खाटेच्या क्रमांकावर विसंबू नये, हा रुग्णसुरक्षेचा जगभर मान्य असलेला नियम याच अनुभवातून आला आहे.

औषधांच्या नावांची उलटी अडचण

रुग्णाच्या बाबतीत वेगळी दिसणारी नावे एकच आहेत का, हे शोधायचे असते. औषधांच्या बाबतीत नेमके उलटे. तिथे वेगळी औषधे सारख्या नावांची होऊ नयेत, याची काळजी घ्यावी लागते.

भारतात याचा गाजलेला खटला मलेरियावरच्या दोन औषधांचा. ‘फॅल्सिगो’ आणि ‘फॅल्सिटॅब’ ही त्यांची नावे. पहिली पाच रोमन अक्षरे तीच, फरक फक्त शेपटीत. लेव्हेन्श्टाइनच्या मापाने अंतर ३. पण आतली द्रव्ये वेगळी : एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्वीन. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात सांगितले, की औषधांच्या नावांतल्या साधर्म्याला इतर वस्तूंपेक्षा कडक कसोटी लावली पाहिजे. साबणाच्या वडीत गफलत झाली तर ग्राहक चिडेल. औषधात झाली तर जिवाशी गाठ. देशातली भाषांची विविधता आणि शहर-खेड्यातली दरीही न्यायालयाने विचारात घेतली होती. सोलापूरसारख्या चार भाषांच्या शहरात त्या विचाराचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

अमेरिकेचे औषध प्रशासन नव्या औषधाचे नाव मंजूर करण्यापूर्वी ते आधीच्या नावांशी संगणकावर ताडून पाहते. लिखाण आणि उच्चार या दोन्हींचे गुण एकत्र करून साधर्म्याची टक्केवारी काढतात. सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक आले, तर ते नाव अतिशय सारखे मानले जाते. भारतातही २०१९ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि आपले नाव बाजारातल्या दुसऱ्या औषधाशी गोंधळ करणारे नाही, असे उत्पादकाने लिहून देण्याची अट आली. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, ही २०१६ ची सूचनाही त्याच दिशेची.

घरी करता येण्यासारखे

महाराष्ट्र सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. सुरुवातीपासून या योजनेत शिधापत्रिका आणि ओळखपत्र या दोन कागदांना महत्त्व होते, म्हणजे दोन कागदांवरची नावे जुळणे आलेच. आजारपण येते तेव्हा स्पेलिंग दुरुस्त करायला वेळ नसतो. त्यामुळे हे काम निरोगी असताना उरकावे.

घरातल्या प्रत्येकाचे आधार कार्ड, शिधापत्रिका, बँक पासबुक आणि विमा पत्र एकदा शेजारी शेजारी ठेवून नावे ताडून पाहावीत. देवनागरी वेगळी, रोमन वेगळी. फरक दिसला तर ज्या कागदावर चूक आहे तो आधी सुधारून घ्यावा. नवजात बाळाचे नाव नोंदवताना दोन्ही लिप्यांतले स्पेलिंग घरात आधी ठरवावे, कागदावर लिहून न्यावे आणि तोंडी सांगण्याऐवजी तो कागद दाखवावा. शाळेच्या दाखल्यापासून पुढचे सगळे कागद त्याच्यावरून निघतात.

रुग्णालयात जाताना जुना केसपेपर किंवा निदान त्याचा क्रमांक सोबत न्यावा. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक काढला असेल, तर तोही सांगावा. अंकांना ऱ्हस्व-दीर्घ नसते. क्रमांक नसेल तर नावासोबत पूर्ण जन्मतारीख सांगावी, फक्त वय नाही. जुळी भावंडे असतील तर ते आवर्जून सांगावे. कर्मचाऱ्याने ‘नोंद नाही’ म्हटले, तर ‘याआधी आलो होतो, दुसऱ्या स्पेलिंगने पाहता का?’ असे विचारायला संकोच करू नये. आणि औषधाची ॲलर्जी असेल तर ती एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवावी. ती चिठ्ठी शोधायला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही.

दोन नावांचा एक डॉक्टर

सोलापुरात १९१० मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. पथकातल्या पाचही डॉक्टरांनी तिथे चिनी नावे घेतली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ होते, म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. १९४२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. सोलापुरात त्यांचे स्मारक ‘कोटणीस’ या नावाने आहे आणि चीनमध्ये लोक त्यांना के दिहुआ म्हणून ओळखतात.

‘कोटणीस’ आणि ‘के दिहुआ’ ही दोन नावे संगणकाला दिली, तर अक्षरांचे अंतर मोजून किंवा उच्चाराचा संकेत काढून तो त्यांना कधीच जुळवणार नाही. हा माणूस एकच, हे आपल्याला कळते ते नावाबाहेरच्या गोष्टींमुळे : जन्मगाव, पेशा, साल आणि त्याला ओळखणाऱ्यांच्या आठवणी. केसपेपरच्या खिडकीवर उभ्या असलेल्या सिद्राम आजोबांचेही तेच आहे. संगणकाने ‘सापडले नाही’ म्हटल्यावर कर्मचाऱ्याने मान वर करून ‘आजोबा, जन्म कधीचा? याआधी कशासाठी आला होता?’ एवढे विचारले, तरी पाच वर्षांपूर्वीची ती ॲलर्जीची नोंद सापडण्याची वाट मोकळी होते.